मुलगा गॅरेजमध्ये काडतुसं भरतो, काळजी करू का?

या महिन्यात बंदुकीवरचीच पत्रं जास्त आली, बहुतेक डिसेंबरात पोरांकडे जायची तिकिटं काढून झालीत म्हणून असेल. पहिलं पत्र मोठं आहे आणि उत्तरही मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर) : काका नमस्कार. मुलगा टेक्सासला आहे, ग्रीन कार्ड झालंय. लहानपणी झुरळ मारायला आईला हाक मारायचा तो आता मित्रांबरोबर रानडुकरांच्या शिकारीला जातो, आणि रायफलने नाही तर फोर्टी फोर मॅग्नम रिव्हॉल्वरने. तेही एक वेळ ठीक, पण गॅरेजमध्ये टेबल मांडून काडतुसं स्वतः भरतो. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा हिने दोन दिवस नीट जेवण केलं नाही. हे कायदेशीर आहे का, आणि आम्ही तिकडे गेल्यावर नेमकं काय बघायचं म्हणजे तो नीट करतोय की नाही ते कळेल? ता.क. येताना एखादी रिकामी केस आणली तर चालेल का, नातवाला कीचेन करून हवंय.

उत्तर : आधी वहिनींना जेवायला सांगा. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला लायसन्स लागत नाही, विकायला लागतं. म्हणजे मित्राने चार पैसे देऊन भरून घेतली तर तो धंदा झाला, हे त्याला एकदा विचाराच. रानडुकरं तिकडे उपद्रवी जनावर धरतात, शेतांची वाट लावतात, आणि टेक्सासमध्ये २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर डुकरांसाठी शिकारीचं लायसन्सही मागत नाहीत. ग्रीन कार्ड आहे म्हणून मुलाचा प्रश्न सुटला. पण तुम्ही दोघं टुरिस्ट व्हिसावर जाणार ना, तर तुम्ही बंदूक आणि काडतूस हातात घ्यायचं नाही. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला तिथला फेडरल कायदा ते जवळ बाळगू देत नाही, हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर. फोटोपुरतंसुद्धा नको. हात मागे बांधून बघा.

आता टेबलावर काय चालतं ते. आपण सरसकट गोळी म्हणतो पण काडतुसात चार वस्तू असतात, पितळेची केस, तिच्या बुडात प्रायमर म्हणजे ठोका बसला की पावडर पेटवणारी टिकली, आत पावडर आणि तोंडाला बुलेट. उडते ती फक्त बुलेट, केस मागे राहते आणि तीच परत परत वापरता येते, सगळा छंद त्या पितळेवर उभा आहे. टेबलाला बोल्ट केलेला दांड्याचा प्रेस असतो, आपल्या शेवेच्या साच्याचा थोरला भाऊ समजा. उडवलेली केस फुगलेली असते, ती डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मापात आणतात, जुना प्रायमर काढतात, नवा बसवतात, पावडर तोलून टाकतात, बुलेट ठरल्या खोलीवर बसवतात आणि केसचं तोंड आवळतात, त्याला क्रिम्प म्हणतात. पावडरचं वजन ग्रेनमध्ये. ७००० ग्रेन म्हणजे १ पाउंड, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम, सराफ्यातल्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास. सोनाराच्या काट्याचं काम आहे हे, आणि तुमचा मुलगा जर भाजीवाल्याच्या काट्याच्या मनाचा असेल तर त्याला आत्ताच थांबवा.

का करतात? थोडे पैसे वाचतात, पण खरं कारण म्हणजे आपल्या बंदुकीला आणि आपल्या शिकारीला जुळणारा लोड, म्हणजे कोणती बुलेट आणि किती पावडर याचा ठरलेला मेळ. डुकराची कातडी जाड, खांद्याजवळ ढालीसारखी, म्हणून बरेच जण त्याला कडक शिशाची चपट्या तोंडाची जड बुलेट पसंत करतात, जी पसरण्यापेक्षा आत खोल जाते. फोर्टी फोर मॅग्नम १९५५ च्या सुमारास आलं तेच अशा कामासाठी. २४० ग्रेनची बुलेट, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम, सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास जाते. आपल्याकडे लायसन्सवर मिळणाऱ्या पॉइंट थ्री टू रिव्हॉल्वरच्या काडतुसापेक्षा आठ-नऊ पट ऊर्जा होते ही.

आणि ती ऊर्जा येते प्रेशरमधून. गाडीच्या टायरात आपण तीस-बत्तीस पीएसआय हवा भरतो ना, फोर्टी फोर मॅग्नमच्या काडतुसाची ठरलेली मर्यादा ३६,००० आहे. हे सगळं तुमच्या लेकाच्या तोंडापासून दीड हातावर होतं. म्हणून मी नेहमी म्हणतो की काडतूस भरणारा माणूस शूर नको, कारकून पाहिजे, वहीत नोंदी करणारा, कंटाळवाणा, एकच गोष्ट तीनदा तपासणारा.

तर गेल्यावर काय बघायचं. टेबलावर पावडरचे डबे किती उघडे आहेत ते मोजा. एकच पाहिजे, आणि त्यातली पावडर त्याच कंपनीच्या मूळ डब्यात, बरणीत काढलेली नको. बहुतेक पावडरी काळ्या-करड्या दाण्यांच्याच असतात, डोळ्याने ओळखत नाहीत, आणि जलद जळणारी मंदच्या जागी गेली तर पुढचं सांगायला नको. मग विचारा हा लोड कुठून घेतला. उत्तर छापील रिलोडिंग मॅन्युअल किंवा पावडर बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता असं आलं तर ठीक. ‘एका मित्राने सांगितलं’ असं आलं तर तिथेच बसून राहा, उठू नका.

सगळ्यात जास्त घात होतो तो दोनदा पावडर पडल्याने. पिस्तुलाच्या काही जलद पावडरी इतक्या थोड्या लागतात की केस अर्धीही भरत नाही, दुसऱ्यांदा टाकली तरी बाहेर सांडत नाही, काही दिसतच नाही. त्यासाठी शहाणे लोक दोन गोष्टी करतात, एक म्हणजे केस निम्म्याहून जास्त भरेल अशी पावडर निवडतात म्हणजे दुसऱ्यांदा टाकली की उतू जाते, आणि दुसरं, बुलेट बसवायच्या आधी सगळ्या केसा लाकडी ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चने प्रत्येकीत डोकावतात. सगळ्यांची पातळी सारखी दिसली पाहिजे. हे चालू असताना फोन खिशातसुद्धा नको, टीव्ही नको, आणि आईने ‘पोहे झाले’ म्हणून मध्येच हाक मारायची नाही. मी थट्टा करत नाहीये, मध्ये उठलेला माणूस परत बसला की कुठे होतो ते विसरतो, अशीच चूक होते.

आता टेस्टिंग, खरा प्रश्न तोच होता तुमचा. मॅन्युअलमध्ये सुरुवातीचा आणि कमालचा असे दोन आकडे असतात, सुरुवातीचा साधारण दहा टक्के खाली. तिथून सुरू करून थोडं थोडं वाढवत जायचं, प्रत्येक पायरीवर मोजकीच काडतुसं भरायची, लेबल लावायचं, उडवायची, बघायचं. काही मंद पावडरी मात्र अशा आहेत की त्या कमी करायच्याच नसतात, कमी भरल्या तर धड पेटत नाहीत, मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, म्हणून ‘कमी म्हणजे सेफ’ हे सरसकट खरं नाही. आणि चार वस्तूंपैकी एकही बदलली, प्रायमरची कंपनी बदलली तरी, परत खालून सुरुवात. बुलेट किती खोल बसवली हेही त्यातच आलं, खोल गेली की आतली जागा कमी होते आणि प्रेशर चढतं, छोट्या केसमध्ये तर झपाट्याने.

प्रेशर जास्त झालंय हे कळतं कसं, तर खरं सांगायचं तर पिस्तुलात नीट कळत नाही. प्रायमर चपटा होणं, रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमधून केस चिकटून निघणं ही लक्षणं आहेत, दिसली तर थांबायचं, पण दिसली नाहीत म्हणजे सगळं ठीक असं अजिबात नाही. जी काडतुसं मुळात कमी प्रेशरची आहेत त्यात लक्षण दिसेपर्यंत तुम्ही मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलेले असता. म्हणून क्रोनोग्राफ पाहिजे, गोळीचा वेग मोजायचं यंत्र. मॅन्युअल म्हणतंय अमुक वेग आणि आपल्याला त्याहून बराच जास्त मिळतोय, तर तो जास्तीचा वेग फुकट आलेला नाही, प्रेशरमधूनच आलाय. पोरं इथे खूश होतात. खूश व्हायची ती वेळ नाही.

रिव्हॉल्वरची एक खास भानगड असते. धक्क्याने बंदूक मागे येते पण सिलिंडरमध्ये थांबलेल्या बाकीच्या काडतुसांच्या बुलेटा जडपणामुळे पुढे सरकतात, क्रिम्प ढिला असेल तर बाहेर येऊन सिलिंडर फिरायचाच बंद होतो, आणि समोर जखमी डुक्कर. याची टेस्ट सोपी आहे, सहा भरायची, सहाव्याची लांबी आधी कॅलिपरने मोजून ठेवायची, पाच उडवायची आणि सहावं काढून परत मोजायचं. लांबी वाढली तर तो लोड शिकारीला न्यायचा नाही.

उलट चूक म्हणजे पावडर पडलीच नाही. मी नोकरीत असताना एका रेंजवर हे डोळ्यांनी पाहिलंय. ठो व्हायच्या जागी फुस्स असा आवाज आला, धक्का नाही, आणि उडवणाऱ्याने परत चाप ओढला. पहिली बुलेट नुसत्या प्रायमरच्या जोरावर नळीत जाऊन अडकलेली होती. माणूस वाचला, बोटं पण वाचली, नळीला मात्र अंगठीसारखा फुगवटा आला, अजगराने कोंबडी गिळल्यावर दिसतो तसा. म्हणून आवाज वेगळा आला की हात थांबला पाहिजे, मग कितीही मोठं डुक्कर समोर असो. आणि चाप ओढून काहीच झालं नाही तर नळी समोरच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, कधी कधी काडतूस उशिरा पेटतं.

अजून एक, जे आपल्या माळव्यातल्या माणसाला पटकन कळेल. काही पावडरी उन्हात चढतात. जानेवारीत थंडीत टेस्ट करून कमालच्या काठावर आणलेला लोड ऑगस्टात बंद गाडीत तापला की काठ ओलांडतो. टेक्सासचा उन्हाळा आपल्या मे महिन्याला लाजवेल असा. तर काठावर जायचंच कशाला, डुकराला गोळीचा वेग सेकंदाला शंभर फूट जास्त होता की कमी ते कळत नाही.

कळतं ते गोळी कुठे लागली. शिकारीच्या लोडची शेवटची टेस्ट मशीनवर नाही, कागदी प्लेटवर. साधारण वीस सेंटिमीटरची, आपली लग्नातली पत्रावळ त्याहून मोठी असते. टेबलावर टेकून नाही, तर शिकारीत जसे उभे राहाल किंवा बसाल तसं राहून ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी त्या प्लेटमध्ये जाते तेवढंच तुमचं अंतर. उघड्या साइटच्या, म्हणजे दुर्बीण न लावलेल्या रिव्हॉल्वरने पुष्कळ लोकांचं ते पन्नास यार्डांच्या आतच संपतं, आणि हे मान्य करायला लोड बनवण्यापेक्षा जास्त जिगर लागते. मुलाला विचारा तुझी प्लेट किती यार्डांची. लगेच आकडा सांगितला तर तो केलेला माणूस आहे.

शेवटी हात. शिसं आणि प्रायमरची राख बोटांना लागते, केसा साफ करायच्या मशीनची धूळही वाईट. त्या टेबलावर खाणं-पिणं नाही, आणि नातू गॅरेजमध्ये रांगत असेल तर वहिनींनी जेवण सोडायला हे कारण मी मान्य करतो. कीचेनचं खाली सांगतो.

प्रश्न (रामबाग) : माझ्याकडे पॉइंट थ्री टू रिव्हॉल्वरचं लायसन्स आहे. काडतुसं महाग पडतात. प्रेस आणि डाय ऑनलाइन बाहेरून मागवून घरी भरली तर? स्वतःच्याच वापरासाठी.

उत्तर : नाही. वर जे सगळं लिहिलं ते तिथलं, इथे नाही. आपल्या १९५९ च्या आर्म्स अॅक्टमध्ये दारूगोळा म्हणजे नुसतं तयार काडतूस नाही, त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही त्यातच येतात. बाळगायचं लायसन्स वेगळं आणि बनवायचं वेगळं, तुमच्याकडे पहिलं आहे. विनापरवाना बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. पार्सल कस्टममध्ये उघडलं की तुमचं रिव्हॉल्वरही गेलं आणि लायसन्सही. दोन-चार हजार वाचवायला हा सौदा कोण करेल भिया.

पण तुमचं काडतूस हलक्यात घेऊ नका. थ्री टू एस अँड डब्ल्यू लाँग १८९६ चं आहे, ताकद कमी पण निशाण इतकं साफ की पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तुलाचे जगभरातले खेळाडू हेच वापरतात, सपाट तोंडाच्या बुलेटचं, कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडणारं. नेमबाजीचीच हौस असेल तर रायफल क्लबचे मेंबर व्हा. महू आपल्यापासून पाऊण तासावर, तिथल्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झालेल्या विजय कुमारने २०१२ मध्ये लंडनला पंचवीस मीटर रॅपिड फायरमध्ये रौप्यपदक घेतलं, आणि ते पॉइंट टू टू ने, जे घरी भरतच नाहीत कारण त्याचं प्रायमिंग केसच्या काठातच असतं. आणि बिनालायसन्सचं हवं असेल तर पॉइंट वन सेवन सेव्हनचं, २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल घ्या, दुकानदार ओळखपत्र मागेल तेवढंच. अंगणात नाही हं, मागे भिंत आणि बाजूला कोणी नाही अशा ठिकाणी.

प्रश्न (सिमरोल रोड) : आमच्या शेतात रात्री डुकरं आणि रोजडे घुसतात, हरभरा साफ करतात. लायसन्सची बारा बोअर आहे. पीक वाचवायला मारलं तर शिकार होते का?

उत्तर : होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानडुक्कर आणि नीलगाय दोन्ही संरक्षित आहेत, बंदुकीचं लायसन्स म्हणजे शिकारीचं लायसन्स नाही, आणि शेत तुमचं असलं तरी जनावर तुमचं नाही. कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी परवानगी द्यायची सोय आहे, पण ती लेखी आणि आधी घ्यायची, तसा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून. आधी नुकसानीचा पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज टाका, चकरा माराव्या लागतील हे मला माहीत आहे, माझ्या सासुरवाडीचं शेत चोरलकडे आहे, तिथेही हीच रड. २०२५ मध्ये शाजापूरकडे हेलिकॉप्टरने हाकून काळवीट आणि रोजडे पकडून दुसरीकडे हलवले, म्हणजे सरकारलाही हा त्रास कळतो. कुंपणात करंट मात्र सोडू नका, त्यात डुकरापेक्षा शेजारच्याचा पोरगा जातो.

प्रश्न (जुनी इंदूर) : वाडा पाडताना पणजोबांची लाकडी पेटी निघाली. होळकरांच्या काळात ते शिकारीला जायचे. आत पितळी काडतुसं, पुठ्ठ्याच्या आणि नमद्याच्या चकत्या, लाकडी ठोकणी आणि अर्धा भरलेला पावडरचा डबा. ठेवू का?

उत्तर : वाचूनच वास आला मला त्या पेटीचा. जुने शिकारी बारा बोअरची काडतुसं घरीच भरायचे, काळी दारू मापाने टाकायची, चकती, मग नमदा, मग छर्रे, वर परत चकती. काळ्या दारूला माप चालतं, थोडं इकडे तिकडे झालं तर निभतं. मग बिनधुराची पावडर आली, ती फ्रान्समध्ये १८८४ मध्ये पहिल्यांदा निघाली, आणि जुन्या सवयीने तेच माप भरून ही पावडर टाकणाऱ्या कितीतरी जणांच्या नळ्या फाटल्या, कारण तेवढ्याच मापात ही कितीतरी पट जोरदार.

तुमच्या डब्यात कोणती आहे ते तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. बिनधुराची पावडर जुनी झाली की आतून सडते, आंबट ॲसिडसारखा वास, तांबूस धूर किंवा गंजासारखी भुकटी, आणि सडताना स्वतःच तापू शकते. काळी असेल तर ती शंभर वर्षांनीही ठिणगीने पेटते. त्यामुळे झाकण उघडू नका, हलवू नका, गच्चीवर उन्हात तर मुळीच नको, नाल्यात ओतू नका. खोली बंद करून ठाण्यात फोन करा आणि पेटी वाडा पाडताना सापडली असं लेखी द्या, पोच घ्या. काडतुसंही त्यांच्याच ताब्यात द्या. ठोकणी आणि रिकामी पेटी ते परत देतात का तेवढं विचारा, दिली तर दिवाणखान्यात शोभेल.

प्रश्न (नाव नको) : फटाक्याची दारू काढून काडतुसात भरली तर चालते का?

उत्तर : बाळा, तुझ्या दोन्ही हातांची बोटं मोज आणि तो आकडा तसाच राहू दे. फटाक्याची दारू ढकलण्यासाठी नाही, फुटण्यासाठी असते.

आता सुदामा नगरची कीचेन. आणू नका. भारताच्या विमानतळांवर बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एक काडतूस निघालं आणि सुट्टी पोलीस ठाण्यात गेली असे प्रकार होत असतात, आणि रिकामी असली तरी एक्स-रेमध्ये ती केस काडतुसासारखीच दिसते, पुढचा खुलासा तुम्हाला रात्री दोन वाजता उभं राहून करावा लागेल. मुलाची रेंजवर नेलेली बॅग कपड्यांसाठी उसनी घेऊ नका, तिच्या शिवणीत काहीही अडकलेलं असतं. नातवाला टेक्सासच्या आकाराचं कीचेन मिळतं तिथल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर, ते आणा.